सतराव्या कलमाचं भाषांतर

करार दोनशे बारा पानांचा होता, इंग्रजीत.
मला त्याची स्वाहिली करायची होती
शुक्रवारच्या नमाजाआधी,
कारण सुनावणी नमाजानंतर होती
आणि माणसं तेव्हाच जमतात.

बंदराला आमच्याकडे 'बंदारी' म्हणतात.
हा शब्द कुठल्यातरी गलबतातून आला असावा,
उतरला आणि इथलाच झाला.
भागीदारीला 'उबिया'. तोही हाताशी होता.
'सवलतधारक' मात्र रात्रभर छळत राहिला.
सवलत कोण देतं, कोण धरतं,
आणि धरलेली सोडायची कशी,
हे एका शब्दात मावेना.

पहाटे तीनला वीज गेली.
मोबाइलच्या उजेडात सतरावं कलम:
ठरल्यापेक्षा जहाजं कमी आली
तर फरक सरकार भरेल.
एवढंच. कुठे अडखळायला
एक स्वल्पविरामही नाही.

मंडप खारफुटीच्या कडेला.
निळ्या खुर्च्या कंपनीच्या,
कर्णा काउंटीचा.
"झाली की भागीदारी सुरू," मागून कुणी म्हणालं
आणि हशा पिकला. साहेबही हसले,
काय बोललं गेलं ते न कळता.

मग पडद्यावर क्रेन आल्या.
खरं सांगतो, सुंदर होत्या,
विहिरीवर ओणवलेल्या माणसांसारख्या.
माझा धाकटा भाऊ बकारी पहिल्या रांगेत.
सहा महिने मोंबासाला, एका काचेच्या खोलीत,
खोट्या समुद्रावर खोटी खोकी उचलून आलेला.
त्याचे हात मांडीवर आपोआप हलत होते:
डावा पुढे, उजवा सावकाश खाली.

शेबवाना उठला. त्याला उठायला वेळ लागतो.
"भागीदारी मला ठाऊक आहे," म्हणाला.
"मासळीचे वाटे पडतात वाळूवर.
नावेला एक, जाळ्याला एक,
मग माणशी एकेक.
नाव माझी. जाळं मेहुण्याचं.
त्याच्याशी मी वीस वर्षं बोलत नाही,
पण वाटा कधी चुकवला नाही.
नाव रिकामी आली
तर त्या रात्री माझ्याही घरी चूल नाही.
तेवढं सांग, पोरा.
या तुमच्या उबियात
रिकाम्या नावेचा वाटा कुणाचा?"

मी सतरावं कलम वाचून दाखवलं.
माझीच स्वाहिली. नीट उतरली होती.
जरा जास्तच नीट.

कुणी ओरडलं नाही.
म्वानाकोंबो छपरासाठी झावळ्या विणत बसली होती,
हात न थांबवता तिनं विचारलं,
"तीस वर्षांनी सगळं परत देणार म्हणता,
चालू स्थितीत.
धक्का द्याल. क्रेन द्याल.
या चिखलात माझ्या खेकड्यांची बिळं आहेत,
कुठलं भरतीला उघडं, कुठलं ओहोटीला,
ते माझ्या टाचांना माहीत आहे.
ती पण द्याल ना? चालू स्थितीत?"

साहेब माझ्याकडे पाहू लागले.
इंग्रजीत 'चालू स्थिती'ला शब्द होता.
खेकड्याच्या बिळालाही होता.
टाचांनाही.
मी म्हणालो, "बाई पर्यावरणाबद्दल विचारताहेत."
साहेबांनी मान डोलावली
आणि टिपून घेतलं.

म्वानाकोंबोला इंग्रजी येत नाही.
तिनं फक्त शब्द मोजले असणार:
स्वतःचे किती, माझे किती.
झावळी बदलली आणि पुन्हा विणू लागली.

रात्री बकारी म्हणाला,
"आमची नोकरी किती वर्षांची,
ते कुठल्या कलमात आहे?"
मी पानं उलटली, पुन्हा उलटली,
शोधतो म्हणालो.

बाहेर ओहोटी लागली होती.
शेबवानाची नाव चिखलात कलंडून पडलेली,
आणि तिच्यात, काथ्यानं नीट बांधलेली,
कंपनीची एक निळी खुर्ची.